नामांतर, ऊह आणि सामान्यरूप
(ग्राहकसंबंध-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधील शब्दपालटाची व्याकरणदृष्ट्या चिकित्सा)

'सेल्सफोर्स' या ग्राहकसंबंध-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रशासकाला एक प्रश्न विचारला जातो. भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावा, असा तो प्रश्न आहे. 'अकाउंट' हा मूळचा शब्द काढून त्याच्या जागी 'क्लायंट' असा शब्द आपल्या संस्थेसाठी ठेवावयाचा असला, तर 'रीनेम टॅब्स अँड लेबल्स' नावाच्या पानावर जावे लागते. तेथे नव्या शब्दाचे एकवचन व अनेकवचन लिहिण्यासाठी दोन चौकटी असतात. त्यांच्या खाली खूण करण्याचा एक लहान चौकोन असतो, आणि हा शब्द स्वरध्वनीने सुरू होतो काय, असे तेथे विचारलेले असते. स्वराक्षराने नव्हे, स्वरध्वनीने. इंग्रजीत 'अवर' हा शब्द व्यंजनाक्षराने लिहिला जातो, परंतु स्वराने उच्चारला जातो. 'युनिव्हर्सिटी'ची गोष्ट नेमकी उलट. उपपदाची निवड उच्चारावर अवलंबून असते, लेखनावर नव्हे, हा ध्वनिशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतील धडा होय. विक्रीविभागाची नोंदवही सजविणाऱ्या माणसापुढे तो अशा रीतीने ठेवलेला पाहून कौतुक वाटते. ही चौकट दुर्लक्षिली तर काय होते? 'अकाउंट'च्या मागे शोभणारे 'ॲन' हे उपपद 'क्लायंट'च्या मागे तसेच उभे राहते, आणि कचेरीतील प्रत्येकाला दिवसातून अनेकदा ते अशुद्ध वाक्य वाचावे लागते.

अशा नामांतराची गरज का पडते, हे थोडक्यात सांगावयास हवे. १९९३ साली स्थापन झालेली 'सीबल सिस्टिम्स' आणि १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेली 'सेल्सफोर्स' या कंपन्यांनी विक्रेत्याची वही संगणकावर आणली. ही वही एका विशिष्ट धंद्याच्या शब्दांत लिहिलेली होती. गिऱ्हाईक म्हणून असलेली पेढी ती 'अकाउंट', तिच्यातील माणूस तो 'काँटॅक्ट', अजून पारख न झालेली चौकशी ती 'लीड', जमत आलेला व्यवहार ती 'ऑपॉर्च्युनिटी', आणि विक्रीनंतर आलेली तक्रार ती 'केस'. पुढे हेच सॉफ्टवेअर रुग्णालये, शिक्षणसंस्था, धर्मादाय संस्था आणि बँका यांनी वापरावयास घेतले. रुग्णालयाला 'अकाउंट' नको असतो, रुग्ण हवा असतो. धर्मादाय संस्थेला देणगीदार हवा असतो. यंत्र एकच आणि धंदे अनेक, म्हणून नावे पालटण्याची सोय यंत्रातच ठेवावी लागली. ही सोय सर्वांच्या हाती नसते. 'कस्टमाइझ ॲप्लिकेशन' नावाचा अधिकार ज्याला दिलेला आहे, त्याला नाव बदलता येते. दिवसभर ते नाव वाचणाऱ्या कारकुनाला नाही.

या नामांतरात बाहेरचे नाव बदलते, आतले बदलत नाही. पडद्यावर 'रुग्ण' असे लिहिले, तरी यंत्राच्या पोटात ती वस्तू 'अकाउंट' या नावानेच ओळखली जाते. प्रशासकाने स्वतः निर्माण केलेल्या वस्तूला तर आत एक वेगळे नाव चिकटते. त्याच्या शेवटी दोन अधोरेखा व 'सी' हे अक्षर असते, आणि ते वापरणाऱ्यास सहसा दिसतही नाही. व्यंजक आणि व्यंजित यांचा संबंध यादृच्छिक असतो, हा सोस्यूरचा सिद्धांत येथे रोजच्या कारभारात उतरलेला दिसतो. यादृच्छिक असलेला हा संबंध एकदा ठरला की वापरणारावर मात्र बंधनकारक होतो, हा त्या सिद्धांताचा दुसरा भागही येथे तितकाच खरा ठरतो.

नाव पालटले की वाक्याचे काय करावयाचे, या प्रश्नाची तीन उत्तरे बाजारात आढळतात. 'शुगरसीआरएम' आणि तिच्यातून २०१३ साली वेगळी झालेली 'सुईटसीआरएम' यांच्यात 'रीनेम मॉड्यूल्स' ही सोय आहे. ती एकवचन व अनेकवचन विचारते आणि भाषेच्या धारिकांतील जुन्या शब्दाच्या जागी नवा शब्द ठेवते. ही निव्वळ अक्षरमालेची अदलाबदल होय. शेजारचे उपपद वा विशेषण तिला दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'डायनॅमिक्स'मध्ये वस्तूचे प्रदर्शननाम व त्याचे अनेकवचन बदलता येते. परंतु ज्या सूचनावाक्यांत जुने नाव गुंफलेले असते ती वाक्ये प्रशासकाने एकेक करून स्वतः सुधारावयाची असतात, आणि मग सर्व बदल 'पब्लिश' करावयाचे असतात. हा मार्ग कष्टाचा खरा, पण प्रामाणिक आहे. यंत्राला व्याकरण येत नाही, हे तो लपवीत नाही. तिसरे उत्तर सेल्सफोर्सचे. तेथे वाक्यातील नामाची जागा मोकळी ठेवलेली असते आणि त्या जागेत कोणतेही नाम आले तरी बाकीचे वाक्य त्याच्याशी जुळवून घेईल, अशी योजना केलेली असते.

संस्कृत व्याकरणाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. व्याकरण कशासाठी शिकावे, याची पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी पाच प्रयोजने सांगितली आहेत: रक्षा, ऊह, आगम, लाघव आणि असंदेह. त्यांपैकी 'ऊह' हे प्रयोजन येथे शब्दशः लागू पडते. वेदात मंत्र सांगितलेले असतात ते एखाद्या मूळ यागासाठी. सर्व लिंगांत व सर्व विभक्तींत ते दिलेले नसतात. त्याच धर्तीचा दुसरा याग करावयाचा असला म्हणजे देवतेचे नाव बदलते आणि मंत्रातील पदे प्रसंगानुरूप पालटावी लागतात. हे काम व्याकरण न जाणणाऱ्याला साधत नाही, असा पतंजलीचा अभिप्राय आहे. टीकाकारांचे नेहमीचे उदाहरण असे: अग्नीच्या मंत्रातील 'अग्नये' या चतुर्थ्यन्त पदाच्या जागी सूर्यासाठी 'सूर्याय' म्हणावे लागते. अग्नी इकारान्त आणि सूर्य अकारान्त असल्यामुळे केवळ प्रातिपदिक उचलून दुसरे ठेवल्याने भागत नाही, प्रत्ययाचे रूपही बदलते. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या भाषांतरामुळे महाभाष्यातील हा भाग मराठी वाचकाला सहज उपलब्ध आहे. 'अकाउंट'च्या जागी 'क्लायंट' ठेवणारा प्रशासक आणि अग्नीच्या जागी सूर्य ठेवणारा याज्ञिक यांच्यापुढील कूट एकच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की याज्ञिकाच्या चुकीने यागात वैगुण्य येते. येथे विक्रीचे काम कसेबसे चालूच राहते, आणि म्हणून चूक कोणी दुरुस्त करीत नाही.

सेल्सफोर्सने या ऊहासाठी जे यंत्र रचले त्याचे नाव 'ग्रामॅटिकस', म्हणजे लॅटिनमध्ये वैयाकरण. त्याची आज्ञासंहिता कंपनीने सर्वांसाठी खुली केलेली आहे. त्यात वाक्य लिहिताना नाम, उपपद आणि नामाशी जुळणारे विशेषण ही साध्या अक्षरांत लिहीत नाहीत. त्यांच्या जागी खुणा ठेवतात, आणि प्रत्येक भाषेचे नियम त्या खुणांना योग्य ते रूप देतात. नामाविषयी कोणती माहिती नोंदविण्याची सोय आहे, हे पाहिले म्हणजे रचनाकारांच्या व्यासंगाची कल्पना येते. लिंगाच्या कोष्टकात पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग यांच्याशिवाय 'सचेतन पुल्लिंग' असा चौथा पर्याय आहे. स्लाव्ह भाषांची ओळख असणाऱ्यास त्याचे महत्त्व सांगावयास नको. आरंभीच्या ध्वनीच्या कोष्टकात व्यंजन व स्वर यांच्या जोडीला 'विशेष' असा तिसरा वर्ग आहे. 'झेड'ने किंवा 'एस' व त्यापुढील व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दांसाठी तो आहे. इटालियनमध्ये अशा शब्दांमागे उपपद बदलते. विभक्तींची यादी तर फिनिश व हंगेरियन भाषांतील स्थलवाचक विभक्तींपर्यंत पोहोचलेली आहे. स्वामित्वदर्शक रूपांसाठीही जागा आहे. व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये इतक्या भाषांच्या रूपविचाराची एका ठिकाणी केलेली अशी मांडणी विरळाच.

तथापि या स्तुतीला मर्यादा घालणे भाग आहे. ऊहाचा नियम असा की पालट करावयाचा तर तो मंत्रभर करावा. येथे पालट काही ठिकाणी पोहोचतो, काही ठिकाणी पोहोचत नाही. 'अकाउंट'चे 'क्लायंट' केल्यानंतरही 'ऑल अकाउंट्स' या नावाची यादी त्याच नावाने राहते. ती प्रशासकाने हाताने बदलावयाची असते. यंत्राच्या दृष्टीने 'ऑल अकाउंट्स' हा शब्दसमूह नव्हे, ते एक विशेषनाम आहे. त्यातील 'अकाउंट्स' हा भाग पृथक् करता येईल असे पद राहिलेला नाही. 'पुणे विद्यार्थी गृह' या नावातील 'विद्यार्थी' हा शब्द जसा वाक्यातील विद्यार्थ्यांबरोबर बदलत नाही, तसेच हे. पत्रांचे नमुने व पानांच्या मांडणीची नावे यांचीही तीच अवस्था. साहाय्यपाने मूळचे शब्द सोडीत नाहीत, त्यामुळे 'रुग्ण' नोंदविण्यात अडचण आलेल्या कारकुनाला मदत मिळते ती 'अकाउंट'च्या नावाने. 'क्रिएटेड बाय' आणि 'लास्ट मॉडिफाइड बाय' या दोन नोंदींची नावे तर मुद्दामच बदलू दिलेली नाहीत, कारण ती प्रणालीच्या स्वतःच्या खुणा होत. हा शेवटचा निर्णय समजण्यासारखा आहे. पहिला मात्र व्याकरणाच्या यंत्राने स्वतःच्या तत्त्वाशी केलेली तडजोड आहे.

आता मराठीकडे वळू. या सॉफ्टवेअरमध्ये भाषांचे तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गातील भाषांत साहाय्यासह सर्व काही अनुवादित असते. दुसऱ्या वर्गात नेहमीच्या वापराची पाने तेवढी अनुवादित असतात. तिसऱ्या वर्गातील भाषांत कंपनी काहीच अनुवाद पुरवीत नाही, केवळ तशी भाषा निवडण्याची मुभा देते. मराठी या तिसऱ्या वर्गात आहे. ती भाषेच्या मांडणीच्या पानावरून मुद्दाम चालू करावी लागते. मग 'ट्रान्सलेशन वर्कबेंच'मधून संस्थेने स्वतः निर्माण केलेल्या नोंदींची, पर्यायांच्या याद्यांची व सूचनांची भाषांतरे भरता येतात. स्वतंत्र लेबले हवी असल्यास पाच हजारांपर्यंत करता येतात. जे भाषांतर भरलेले नसेल ते इंग्रजीत दिसते. एखाद्या पतसंस्थेने ही खटपट केली, तर तिच्या पडद्यावर मराठी नामे आणि इंग्रजी क्रियापदे एका ओळीत नांदताना दिसतील. असे दिसले की चार दिवसांत कोणीतरी पुन्हा इंग्रजी निवडतो, आणि मराठी चालत नाही असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः मराठी चालविण्यासाठी लागणारी सामग्रीच तेथे पुरी नसते.

ही सामग्री कोणती, हाच खरा भाषाशास्त्रीय प्रश्न. इंग्रजीने नामाविषयी दोनच गोष्टी विचारल्या: वचन आणि आद्यध्वनी. मराठीला आद्यध्वनीचे प्रयोजन नाही, परंतु लिंगाविना तिचे एक पाऊलही पडत नाही. 'न्यू' या एका शब्दासाठी तिला 'नवा ग्राहक', 'नवी संधी', 'नवे खाते' अशी तीन रूपे हवीत. 'माय' या शब्दापुढे अनेकवचन आले की 'माझे ग्राहक', 'माझ्या संधी', 'माझी खाती' अशी तीन आणखी. आणि इंग्रजीत जो 'वॉज क्रिएटेड' असा अविकारी मजकूर कोणत्याही नामामागे चालतो, त्याच्यासाठी 'सौदा तयार झाला', 'तक्रार तयार झाली', 'खाते तयार झाले' असे क्रियापदालाही वाकावे लागते. कर्मणी प्रयोगात हे अधिकच गुंतागुंतीचे होते: 'प्रतिनिधीने सौदा नोंदविला', परंतु 'प्रतिनिधीने तक्रार नोंदविली'. कर्ता कोणीही असो, क्रियापद बदललेल्या नामाकडे पाहते.

वचनाची चौकट मराठीत असून अडचण, नसून खोळंबा अशी आहे. 'खाते – खाती', 'सौदा – सौदे', 'तक्रार – तक्रारी' येथे ती उपयोगी पडते. 'ग्राहक', 'सभासद', 'संधी', 'शाखा', 'संस्था' यांची प्रथमेची दोन्ही वचने सारखीच. इंग्रजीत यादीच्या पानावर अनेकवचन आणि एका नोंदीच्या पानावर एकवचन लिहून जो भेद साधतो, तो 'ग्राहक' आणि 'ग्राहक' लिहून साधत नाही. 'ग्राहकांची यादी' असे काही म्हणावे लागते, आणि तसे म्हणताच सामान्यरूपाशी गाठ पडते. शिवाय शब्दाच्या अंत्य अक्षरावरून अनेकवचन ओळखावे म्हटले तर तेही जमत नाही. 'देणगी' व 'संधी' दोन्ही ईकारान्त स्त्रीलिंगी. एकीचे अनेकवचन 'देणग्या', दुसरीचे 'संधी'च. तत्सम-तद्भव हा भेद यंत्राला कोण सांगणार?

सामान्यरूप हे मराठी नामाचे मर्मस्थान होय. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आणि त्यानंतरही या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बारकाव्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. कामाचा भाग तेवढा पाहावा. प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाच्या अंती विकार होतो: 'ग्राहक – ग्राहकाला', 'संस्था – संस्थेला', 'खाते – खात्याला', 'सौदा – सौद्याला'. पुष्कळ ठिकाणी हा विकार अंत्याक्षरावरून सांगता येतो. नेमक्या नेहमीच्या शब्दांत मात्र येत नाही. 'भेट' आणि 'रक्कम' हे दोन्ही व्यंजनान्त उच्चाराचे स्त्रीलिंगी शब्द कोणत्याही ग्राहकसंबंध-प्रणालीत यावयाचेच. 'भेट' घेते 'भेटी'चे रूप आणि 'रक्कम' घेते 'रकमे'चे. दुसऱ्या शब्दात तर अंतच नव्हे, पोटही बदलले. ककाराचे द्वित्व गेले. 'पैसा'चे 'पैशाला' होताना सकाराचा शकार होतो. म्हणजे प्रशासकाला विचारल्यावाचून यंत्राने अनुमान करू नये, एवढे निश्चित.

हिंदीशी तुलना केली असता मराठीची अडचण अधिक स्पष्ट होते. हिंदीत 'को', 'के लिए' इत्यादी परसर्ग वेगळे लिहितात आणि व्यंजनान्त नामाचे एकवचन त्यांच्यापुढे बदलत नाही. 'ग्राहक को', 'रकम को' म्हटले की झाले. आकारान्त पुल्लिंगी नामांची व अनेकवचनाची अडचण तेथेही आहेच, पण यंत्राने जुळविलेली पुष्कळशी वाक्ये हिंदीत निभावून जातात. मराठीत तशी निभावत नाहीत. हिंदीसाठी बसविलेला साचा मराठीला चालेल, कारण दोन्हींची लिपी एक आहे, हा समज जितक्या लवकर जाईल तितके बरे.

या अडचणीवर मराठी अनुवादकांनी काही पळवाटा शोधून काढल्या आहेत. त्यांची परीक्षा करणे अगत्याचे आहे, कारण त्या आता संगणकाबाहेरही पसरू लागल्या आहेत. पहिली पळवाट निर्दोष आहे: 'नवा-नवी-नवे' टाळून सर्वत्र 'नवीन' लिहावयाचे. 'नवीन' अविकारी असल्याने कोणत्याही नामापुढे शोभते, आणि मराठीच्या बोलण्यातही ते सहज येते. दुसरी पळवाट म्हणजे वाक्यच न करणे: 'ग्राहक: जोडा', 'खाते: हटवा'. ही तारेची भाषा झाली, तरी तिच्यात अशुद्ध असे काही नाही. तिसरी पळवाट मात्र अक्षम्य आहे. 'ग्राहक साठी', 'खाते ला', 'संस्था चे नाव' अशी रूपे जुळवून नाम जसेच्या तसे राखावयाचे आणि प्रत्यय बाजूला उभा करावयाचा! हा केवळ लेखनातील दोष नव्हे. 'ग्राहकासाठी'मधील 'का' हा दीर्घ आकार म्हणजेच नाम आणि अव्यय यांना जोडणारा सांधा. तो काढला की मागे उरते ते मराठी पद नव्हे, दोन शब्दांची रास. दुकानांच्या पाट्यांवर व मोबाइलवरील संदेशांत 'ग्राहक साठी' वाचणाऱ्या मुलाला ते चुकीचे वाटेनासे झाले, तर त्याचा दोष त्या मुलाकडे जात नाही.

अमुक पारिभाषिक शब्द मराठीत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. प्रस्तुत प्रकरणी तिला आधार नाही. उणीव शब्दांची नाही, रूपांसाठी राखावयाच्या जागांची आहे. ही उणीव भरून काढणे मोठेसे अवघडही नाही. प्रशासकाकडून प्रत्येक नामाचे लिंग आणि चार रूपे घ्यावीत: एकवचन, एकवचनाचे सामान्यरूप, अनेकवचन, अनेकवचनाचे सामान्यरूप. 'सौदा, सौद्या, सौदे, सौद्यां'; 'रक्कम, रकमे, रकमा, रकमां'. 'ला', 'ना', 'त', 'साठी', 'कडे', 'विषयी' ही सर्व त्यापुढे यंत्राने जोडावीत. सात-आठ विभक्तींची रकाने मांडून प्रशासकाला घाबरविण्याचे कारण नाही. मराठीच्या सर्व विभक्ती, काही जुनी सप्तमीची रूपे सोडल्यास, या एका सामान्यरूपावर उभ्या असतात. इंग्रजीत ज्याप्रमाणे स्वरध्वनीचा प्रश्न साध्या शब्दांत विचारला आहे, त्याप्रमाणे येथेही 'सामान्यरूप' ही संज्ञा न उच्चारता, "या शब्दाला 'ला' लावून दाखवा" असे विचारावे. शाळेची पायरी न चढलेला मराठी माणूससुद्धा याचे उत्तर चुकणार नाही.

क्रियापदाच्या बाबतीत भाषेचा इतिहासच साहाय्याला येतो. 'झाला-झाली-झाले', 'नोंदविला-नोंदविली-नोंदविले' ही आज क्रियापदे असली, तरी मूळची ती कृदन्त विशेषणे होत. म्हणून तर ती लिंगवचनानुसार चालतात. तेव्हा ज्या यंत्रात नामाशी जुळणाऱ्या विशेषणांची नोंद करण्याची सोय आहे, त्यात ही रूपे विशेषणांच्या रांगेत बसविता येतात. षष्ठीचेही तसेच. 'ग्राहकाचा पत्ता', 'ग्राहकाची तक्रार', 'ग्राहकाचे खाते' यांतील 'चा-ची-चे' विशेषणासारखा पुढील नामाकडे पाहतो, आणि मागील नामाचे सामान्यरूप घेतो. मागचे आणि पुढचे अशी दोन्ही नामे बदलती असली, तर दोन्हीकडची माहिती एकदम लागते. 'ग्राहकाच्या खात्यात' म्हणताना तर 'चा'लाही सामान्यरूप येते. मराठीच्या बाबतीत यंत्राच्या योग्यतेची कसोटी कोणती, असे कोणी विचारले तर या षष्ठीकडेच बोट दाखवावे लागेल.

शब्दांच्या निवडीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. 'अकाउंट'ला 'खाते' म्हणणे कोशाला धरून असले, तरी येथे फसवे आहे. पतसंस्थेत खाते म्हणजे बचतीचे वा कर्जाचे. या प्रणालीतील 'अकाउंट' म्हणजे ज्याच्याशी व्यवहार चालतो तो पक्ष. एकाच पडद्यावर दोन्ही अर्थांची 'खाती' आली की गोंधळ ठरलेलाच. 'लीड'साठी व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेला 'चौकशी' हा शब्द कोणत्याही नव्या बनावटीच्या शब्दाहून सरस आहे. 'केस' जशीच्या तशी ठेवणाऱ्यांनी 'नवीन केस' ही अक्षरे केशकर्तनालयाच्या पाटीवर कशी दिसतील, याचा विचार करावा. खटल्याची केस स्त्रीलिंगी आणि डोक्यावरचा केस पुल्लिंगी. लिंग प्रकट करणारे विशेषण सोबत असते तर संदेह फिटला असता. परंतु 'नवीन'ची पळवाट येथे अंगावर येते. पतंजलीच्या यादीतील पाचवे प्रयोजन 'असंदेह' हे आहे, याची येथे आठवण होते.

आणखी एक गाठ उरतेच. या प्रणालीत 'पर्सन अकाउंट' नावाची सोय आहे. संस्थेऐवजी माणूसच ज्यांचा ग्राहक असतो त्यांच्यासाठी ती चालू करतात, आणि एकदा चालू केली की पुन्हा बंद करता येत नाही. म्हणजे माणूस आणि पेढी हा भेद रचनाकारांना इतका मूलगामी वाटला की त्यांनी परतीची वाट ठेवली नाही. मराठीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहेच, पण वेगळ्या कारणाने. पेढीविषयी 'संस्था नोंदविली गेली' म्हणून चालते. सभासदाविषयी 'सभासद आला' म्हणावे की 'सभासद आले', हे व्याकरण ठरवीत नाही, नाते ठरविते. 'गिऱ्हाईक आले' यातील 'आले' हे नपुंसकलिंगी एकवचन आहे आणि 'ग्राहक आले' यातील 'आले' आदरार्थी अनेकवचन असू शकते. ऐकण्यात दोन्ही सारखी, मानात मात्र जमीनअस्मानाचे अंतर. वयोवृद्ध ठेवीदाराच्या नावापुढे 'ठेवीदार नोंदविला' असे उमटलेले पाहून शाखेतील लेखनिकाला जो संकोच वाटतो, तो लिंग व चार रूपे यांच्या कोष्टकाने दूर होणार नाही. त्यासाठी एकवचनी व्यक्तीला अनेकवचनी क्रियापद द्यावयाचे की नाही, अशी आणखी एक खुणेची चौकट लागेल. ती नामाला जोडावी की त्या त्या माणसाच्या नोंदीला, याचा निर्णय प्रथम करावा लागेल. आणि नोंदीला जोडावयाची तर त्या चौकटीत खूण करण्याचा अधिकार प्रशासकाकडे न राहता, ठेवीदाराला समोर पाहणाऱ्या त्या लेखनिकाकडेच द्यावा लागेल.